राक्षस-वेताळांची नगरी वसवायची, तर वाताबूचा सिटी जनरेटर कितपत पुरतो?

वाताबू या टोपणनावाच्या डेव्हलपरचा, आपोआप शहराचा नकाशा काढून देणारा ‘मिडीव्हल फँटसी सिटी जनरेटर’ फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतो, इन्स्टॉल काही करावं लागत नाही. एका क्लिकवर तट, वेशी, चौक, गल्लीबोळ, नदी असलेलं अख्खं गाव समोर येतं. काढलेला नकाशा विकायच्या साहित्यात वापरला तरी हरकत नाही. श्रेय दिलं तर चांगलं, पण तशी अट नाही. माणसांचं मध्ययुगीन शहर हवं असेल तर आणखी कुठे शोधत बसू नये.

आपली गरज जरा वाकडी आहे: टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळासाठी. कथेत ज्यांना नेहमी मारूनच टाकतात त्या राक्षस, वेताळ, नाग, मुंजा, हडळ मंडळींचं एक शहर हवं, आणि ते एकमेकांच्या उंबऱ्याला उंबरा लावून नांदत असले पाहिजेत. या कामासाठी जनरेटरला नकाशा म्हणून पाचपैकी चार गुण, शहर म्हणून अडीच. मधले दीड गुण कुठे गेले हे त्याच्या कोडमध्येच वाचता येतं.

नाशिकच्या डीएमला (डंजन मास्टर, म्हणजे खेळात गोष्ट चालवणारा) कॅम्पेनसाठी, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या गोष्टीसाठी, जागा शोधायला लांब जायला नको. जनस्थान ते आपल्याच गोदाकाठचं, अशी इथली परंपरा, आणि खराच्या हाताखाली तिथे १४,००० राक्षस होते असं रामकथा सांगते. रामाने त्यांना मारलं ती लढाई झालीच नाही असं धरायचं आणि पुढच्या दोन-तीनशे वर्षांत तिथे कसलं शहर उभं राहिलं असतं ते मांडायचं. लोकसंख्येचा आकडाही आयता मिळतो. घरटी सहा जण धरले तर १४,००० ला सुमारे २,३३० घरं लागतात. नकाशावरची घरं मोजून पाहा. कमी भरली तर शहराचा आकार वाढवा किंवा लोकसंख्या उतरवा. ‘लाखभर लोकांचं शहर’ म्हणून चारशे घरांचा नकाशा टेबलावर ठेवणारे डीएम काही कमी नाहीत.

बटण दाबल्यावर आत काय होतं

जनरेटरच्या जुन्या आवृत्तीचा सोर्स कोड खुला आहे, हॅक्स भाषेत लिहिलेला. ऑनलाइन आवृत्ती त्यानंतर बरीच पुढे गेली आहे, पण मूळ विचार समजून घ्यायला तो कोड पुरेसा आहे. आधी व्होरोनॉय पद्धतीने (बिंदू विखरायचे आणि प्रत्येक जागा जवळच्या बिंदूला द्यायची) जमिनीचे तुकडे पडतात. छोट्या गावाला ६ ते १०, मोठ्या गावाला १० ते १५, छोट्या शहराला १५ ते २४, मोठ्या शहराला २४ ते ४०. मग बाहेरून तट, तटाला वेशी, वेशींपासून मधल्या चौकापर्यंत रस्ते. आणि मग प्रत्येक तुकड्याला वॉर्डाचा प्रकार मिळतो: कारागीर, व्यापारी, सरदार-सावकार, झोपडपट्टी, लष्कर, कचेरी, बाजार, मंदिर, बाग.

कोणता वॉर्ड कुठे, हे ठरवणारं एक छोटं फंक्शन प्रत्येक प्रकाराला जोडलेलं आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे. व्यापारी वॉर्ड मध्याच्या जितका जवळ तितका चांगला. झोपडपट्टी मध्यापासून जितकी लांब तितकी चांगली. सावकारांच्या वॉर्डाला शेजारी बाग हवी, झोपडपट्टी नको. लष्कर बालेकिल्ल्याला किंवा तटाला चिकटून. मंदिर आणि कचेरी शक्यतो चौकावर. घरांचे आकारही तसेच: झोपडपट्टीतली घरं पाडताना किमान क्षेत्र १० एककांपासून सुरू होतं, सावकारांच्या वॉर्डात ८० पासून.

माणसांच्या जुन्या शहरांचं हे वर्णन बरोबरच आहे, त्यावर तक्रार नाही. पण असा नकाशा घेऊन त्यावर ‘इथे गोब्लिन, इथे राक्षस’ अशी लेबलं चिकटवली, की आपोआप बळकट जमात मध्यात आणि दुबळी जमात वेशीला जाऊन बसते. वर डीएम सांगतो, सगळे गुण्यागोविंदाने राहतात. प्लेयरला नकाशाकडे बघून ते पटत नाही, आणि त्याचं बरोबर असतं. सलोखा सांगून होत नाही, तो जागावाटपात दिसावा लागतो.

म्हणून क्रम उलटा करा. बटण नंतर, तक्ता आधी.

तक्ता

प्रत्येक जमातीपुढे चार रकाने: ज्याच्याशिवाय राहताच येत नाही अशी एक वस्तू, जागं असण्याची वेळ, अंगाचं माप, आणि कोणाशी कशावरून वाजतं. पाच ते सात जमाती बास. दहाच्या वर गेलं की प्रत्येकीला एकच ओळ मिळते आणि सगळ्याच दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्यासारख्या सपाट होतात.

आपल्याकडच्या भुतावळीची सोय ही, की चारही रकाने लोककथांनी आधीच भरून ठेवलेत. मुंजाला पिंपळ लागतो. ब्रह्मराक्षसालाही पिंपळच लागतो, म्हणजे पहिलं भांडण फुकटात मिळालं. गिऱ्ह्याला, म्हणजे पाण्यातल्या भुताला, डोह. नागाला कोरडं वारूळ. वेताळाला अमावास्येच्या रात्री स्वारी काढायला मोकळा रस्ता. हडळीची पावलं उलटी, त्यामुळे तिचा माग काढणारा हवालदार हटकून विरुद्ध दिशेला जातो. ज्या शहरात हडळी राहतात तिथे पावलांचे ठसे पुरावा म्हणून धरायचे नाहीत, असा कायदाच हवा.

आणखी एक गोष्ट तक्ता भरतानाच लक्षात येते. मुंजा, हडळ, ब्रह्मराक्षस ही मेलेली माणसं. त्यांची वस्ती जन्माने वाढत नाही, बाहेरच्या गावांतल्या मरणांनी वाढते. साथ आली की वर्षात दुप्पट. त्यांना शाळा नको, पण नव्याने आलेल्याची नोंद करणारं आणि त्याला झाड किंवा घर नेमून देणारं ऑफिस हवं. कचेरीचा वॉर्ड चौकावर नको, स्मशानाकडच्या वेशीला हवा. जनरेटर तो चौकावर ओढणार, हाताने हलवायचा.

झाडांचा हिशोब

चाळीस मुंजे आणि बारा ब्रह्मराक्षस धरा. एकाला एक पिंपळ म्हणजे ५२ झाडं. वाढलेल्या पिंपळाचा पसारा सहज वीस मीटर, म्हणजे झाडामागे ४०० चौरस मीटर, एकूण २०,८०० चौरस मीटर. पाच एकरांहून थोडं जास्त. बागेचा एखादा वॉर्ड पडला तरी ही सगळी झाडं तिथे कोंबू नका. मुंजांचा वॉर्ड असा नसतोच. ते सगळ्या शहरात पारापारावर विखुरलेले असतात, आणि म्हणूनच प्रत्येक जमातीच्या गल्लीत निदान एक परका रहिवासी सापडतो. सलोख्याचं काम यांच्याकडून आपोआप होतं. मात्र रस्ता रुंद करायची वेळ आली की एका मुंजाचं घर तोडावं लागतं. झाड आधी की रस्ता, हा वाद नाशिककर प्लेयरला समजावून सांगावा लागत नाही.

राक्षसांची गल्ली

कोडमध्ये मोठा रस्ता २ एकक, साधा रस्ता १ आणि बोळ ०.६ धरलाय. मोठा रस्ता आठ मीटरचा मानला तर साधा चार मीटर आणि बोळ २.४ मीटर. दीड मीटर खांद्याचे दोन राक्षस बोळात समोरासमोर आले तर तीन मीटर लागणार. एकाला उलटं चालत मागे जावं लागेल. भांडण इथेच.

दोन उपाय आहेत. राक्षस वॉर्डातले सगळे बोळ बुजवून घरं दोन-दोन जोडायची. घरं मोठी होतात, संख्या निम्मी होते आणि वॉर्ड बघताक्षणी वेगळा ओळखू येतो. किंवा बोळ तसेच ठेवून राक्षसांची वाहतूक फक्त चार मीटरच्या रस्त्यांवर ठेवायची आणि बोळ लहान जमातींचे राखीव मार्ग करायचे. दुसरा उपाय खेळायला जास्त चांगला. राक्षसापासून पळणाऱ्याला कुठे शिरायचं ते कळतं, आणि लहानांकडेही मोठ्यांना न मिळणारं काहीतरी असतं.

वेताळाच्या स्वारीसाठी स्मशानापासून वेशीच्या शेंदरी दगडांपर्यंत एक सलग मोठा रस्ता हवा. जनरेटर वेशीपासून चौकापर्यंत रस्ते आणतो, त्यामुळे स्वारी चौकातूनच जाते. तिथेच अडचण: चौकात मंदिर. सेटिंगमध्ये टेम्पल बंदच ठेवा. इतक्या जमातींच्या शहरात मुख्य चौकावर नेमकं कोणाचं देऊळ, याचं धड उत्तर कोणाकडेच नसतं. बालेकिल्लाही बंद. तट चालू असला तरी चालेल, पण बाहेरच्या अंगाला चकव्यांचा पट्टा ठेवलात तर तटाची गरज उरत नाही. त्या पट्ट्यातले रस्ते नकाशावर काढूच नका. कोरी पट्टी बघून प्लेयर जो चेहरा करतात तो बघण्यासारखा असतो.

नदी: इथे जनरेटर सपशेल चुकतो

रिव्हरचा पर्याय आहे, नदी दिसायला सुंदर येते, पूलही मिळतो. पण पाणी कुठून कुठे वाहतं ते नकाशा सांगत नाही, आणि घरं थेट काठापर्यंत येतात. ज्याने श्रावणात गोदाघाट पाहिलाय त्याला हे खटकणारच.

आधी बाणाने प्रवाहाची दिशा लिहा. मग आपल्याकडच्या पूररेषांसारख्या दोन रेषा नदीच्या दोन्ही अंगांना ओढा: निळी, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल, म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत गिऱ्हे, आसरा (जलदेवता) आणि उठवता येईल असा बाजार, बाकी काही नाही. निळ्या-लालच्या मध्ये वखारी, गोठे, ज्यांचं नुकसान भरून काढता येतं असं सगळं. नागांची वारुळं लाल रेषेच्या बाहेरच. वारूळ पाण्याखाली गेलं की नाग बाहेर पडतात आणि मिळेल त्या घरात शिरतात. एका पुरात दहा वर्षांचा सलोखा मोडतो. त्यात वाईट कोणीच नसतं, म्हणून प्रसंग म्हणून तो उत्तम.

पुराची खूण सगळ्या जमातींना वाचता येईल अशी हवी. आकड्यांची पट्टी उपयोगाची नाही, कारण निम्म्या रहिवाशांना अक्षर येत नाही. नाशिकमध्ये गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, एवढं ऐकून लोक समजायचं ते समजतात. घाटावर तशीच एक मोठी मूर्ती उभी करा. फक्त ती कोणत्याही एका जमातीची नसावी.

खाटीकखाना आणि चामड्याचं काम प्रवाहाच्या खालच्या अंगाला, पाणी भरायचा घाट वरच्या अंगाला. नकाशात हे उलटं पडलं असेल तर वॉर्ड हलवत बसू नका. बाणाची दिशा बदला, दहा सेकंदांचं काम.

बोकड कुठून येतात?

हा प्रश्न प्लेयर दुसऱ्या सेशनला विचारणारच. चौदा हजारांत दोन हजार राक्षस धरा, माणशी, म्हणजे राक्षसी तीन किलो मांस. रोज सहा हजार किलो. बोकडाचं बारा किलो मांस धरलं तर रोज ५०० बोकड, वर्षाला १,८२,५००. जनरेटर तटाबाहेर शेतं दाखवतो, कुरणं नाहीत, आणि दाखवली असती तरी एवढ्याला पुरली नसती.

आठवड्यातून दोनच दिवस मांस आणि एरवी ज्वारी-नागली असा नियम केला तर वर्षाला ५२,००० बोकड. हेही गावात पिकत नाहीत, बाहेरून येतात. म्हणजे शेजारच्या माणसांशी व्यापार आला, तह आला. धनगरांचे वाडे दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याआधी परततात. तसे दोन हंगाम धरले की वर्षातून दोनदा शहराबाहेर मोठा बाजार भरतो आणि मधल्या महिन्यांत टंचाई असते. कॅम्पेनचं कॅलेंडर इथून सुरू करा. टंचाईच्या महिन्यात बोकडाचा एक कळप वाटेत नाहीसा झाला, एवढ्या बातमीवर चार सेशन सहज निघतात.

जागण्याच्या वेळेवर फार डोकं लढवायला नको. बाजार दोन पाळ्यांत, तीच दुकानं, मालक वेगळे. संध्याकाळी अर्धा तास दोघेही जागे असतात आणि हिशोब त्याच वेळी होतो. ज्या घरांत दिवसाचे आणि रात्रीचे रहिवासी भिंतीला भिंत लावून राहतात तिथे कुटण्या-कांडण्याच्या वेळा ठरवून द्या. पुढे.

शांतता टिकते कशाने

इथे कुठलंही मॅप टूल मदत करत नाही. बहुतेक जण एक शहाणा राजा किंवा जादूचा खांब आणून वेळ मारून नेतात. राजा मेला की शहर संपलं.

त्यापेक्षा नाशिकच्या पांडवलेण्यांवर जाऊन या. दहा नंबरच्या लेण्यात, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवले: २,००० महिना शेकडा एक दराने, १,००० महिना शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज खायचं. दोन हजारांचं वर्षाचं व्याज २४० होतं, आणि त्यातून वीस भिक्षूंना माणशी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. हिशोब चोख जुळतो. त्याच लेण्यातल्या नंतरच्या, आभीर राजांच्या काळातल्या लेखात आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेव आहे, आणि तिथे तेली आणि जलयंत्रं बनवणाऱ्यांच्या श्रेणी येतात.

हीच यंत्रणा उचला, तिला एकच अट जोडा: कोणत्याही जमातीची ठेव तिच्या स्वतःच्या श्रेणीत ठेवता येणार नाही. राक्षस घाणे ओढतात, म्हणून तेल्यांची श्रेणी त्यांची. नाग मातीचं काम करतात, कुंभारांची श्रेणी त्यांची. रहाट आणि पाट गिऱ्ह्यांकडे. रात्रभर माग चालवणाऱ्या हडळींकडे विणकरांची श्रेणी. आता राक्षसांच्या बोकड-निधीचे दोन हजार हडळींच्या मागांवर व्याज कमावतायत. माग जाळले तर सणाचं मांस बंद. आकडे उषवदाताचेच घ्या, डीएमला गणित सोपं जातं, आणि प्लेयरपैकी कोणीतरी एक पुढच्या रविवारी लेण्यांच्या पायऱ्या चढतोच. चढलात तर तीन नंबरच्या लेण्याच्या ओसरीखालचे खांद्यावर भार पेललेले धिप्पाड यक्षही पाहा. घडणीची कल्पना मिनिएचर, म्हणजे खेळातल्या छोट्या मूर्ती, रंगवणाऱ्यांच्या कामाची.

नकाशा हातात घेताना

छोटं शहर, नदी चालू, टेम्पल, सिटॅडेल आणि शँटीटाउन बंद. आवडेल तो नकाशा येईपर्यंत नवा काढत राहा आणि आवडला की पहिल्यांदा परमालिंक, म्हणजे त्याच नकाशाचा पत्ता, जपून ठेवा. तो विसरून पुढे क्लिक केलं की तेच शहर पुन्हा मिळणं मुश्कील. पीएनजी (ठिपक्यांचं चित्र) नको, एसव्हीजी (रेषांचं चित्र) एक्स्पोर्ट करा. पीएनजीवर घर हलवता येत नाही आणि मोठ्या छपाईत कडा फाटतात.

एसव्हीजी इंकस्केप या रेषाचित्रांच्या प्रोग्रामात उघडा, तोही फुकटच आहे. कंट्रोल-शिफ्ट-जी दाबून ग्रुप सोडवत जा. पुष्कळ घरं एकाच पाथमध्ये अडकलेली दिसली तर कंट्रोल-शिफ्ट-के, म्हणजे ब्रेक अपार्ट. एक जपा: मध्ये चौक असलेला वाडा ब्रेक अपार्ट केला की चौकाचं भोक सुटून वेगळा भरीव तुकडा होतो आणि वाडा बुजतो. तसं झालं तर दोन्ही तुकडे निवडून पाथ मेनूतलं डिफरन्स. राक्षसांची घरं जोडायला युनियन. पूररेषा, झाडं, स्वारीचा मार्ग, राखीव बोळ यांचे लेयर वेगळे ठेवा, म्हणजे प्लेयरची प्रत काढताना नको ते लेयरपुढचं डोळ्याचं चिन्ह मिटून बंद करता येतात.

नावं इंकस्केपमध्येच टाका. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ यांपैकी कोणताही फॉन्ट चालतो, पण ११ पॉइंटच्या खाली जाऊ नका. गडद रंगावर मात्रा आणि रफार भरून जातात. ज्या मशीनवर छपाई होणार तिथे तो फॉन्ट असेलच असं नाही. तेव्हा शेवटी सगळी अक्षरं ‘ऑब्जेक्ट टु पाथ’ करून पीडीएफ काढा, आणि मूळ फाइल वेगळी ठेवा, नाहीतर नावातली चूक नंतर दुरुस्त होणार नाही.

ए-१ कागदावर १:१५०० प्रमाण घेतलं तर आठ मीटरचा रस्ता ५.३ मिलिमीटर आणि बोळ १.६ मिलिमीटर दिसतो. बोटाने दाखवायला पुरेसा. लांबीत सव्वा किलोमीटरचं शहर मावतं. फ्लेक्सवर छापू नका. स्वस्त पडतं, पण बारीक रेषा पसरतात आणि बोळ बुजतात, मग इतकी उस्तवार केली कशाला? आर्किटेक्टांची ड्रॉइंगं काढून देणाऱ्या प्लॉटरवाल्याकडे साध्या बाँड कागदावर द्या, रेषा पाव मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका, आणि ‘फिट टु पेज’ बंद करायला सांगा. ते चालू राहिलं की प्रमाण बिघडतं आणि राक्षस पुन्हा बोळात मावायला लागतो.

तटाबाहेरच्या पाड्यांसाठी वाताबूचाच व्हिलेज जनरेटर आहे. तिथे एवढा खटाटोप करावा लागत नाही. वीस-पंचवीस घरांत सगळेच एकमेकांचे शेजारी असतात.